बंद पाडायला निघालेली जीप

"मग आता आणि काय बदलू, उस्ताद?"

सर्जेरावनं हातातला पाना बाकड्यावर आपटला. विचारलं होतं उस्तादांना, पण नजर होती जीपवर. चिंचेच्या सावलीत बॉनेट उघडं टाकून ती उभी होती, जणू आपला यात काही संबंधच नाही.

दस्तगीर उस्तादांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. भंगारात निघालेल्या एसटीचं एक सीट गॅरेजच्या दारात मांडलं होतं, त्यावर ते दिवसभर बसत. डोळ्यांना फारसं दिसेना तेव्हा त्यांनी गॅरेज सर्जेरावच्या हाती दिलं होतं. हाती दिलं होतं, सोडलं मात्र नव्हतं.

"बॅटरी नवी घातली," सर्जेराव म्हणाला. "सेल्फ खोलून बांधला. डिझेलचा फिल्टर बदलला, पंप बदलला. मशीन लावून बघितलं, एकबी दोष दाखवत न्हाई. आता ह्यात माझी काय चूक हाय, सांगा."

"मी कुठं म्हटलं तुझी चूक हाय..."

"मग?"

"जीप म्हणतीया."

सर्जेरावला हे झोंबलं, आणि झोंबायलाच हवं होतं. त्याच्या हाताला यश आहे असं आसपासच्या गावांत लोक म्हणत, आणि म्हणत असताना तो तिथून हलत नसे. नुसता आवाज ऐकून गाडीचा दोष सांगायची त्याला हौस होती. पुष्कळदा तो बरोबर निघायचा, त्यामुळे हौस वाढतच गेली होती.

जीप दवाखान्याची होती. खिंडीपलीकडच्या वाड्यांना तेवढी एकच गाडी. तिची नर्स, ड्रायव्हर आणि वेळ पडली तर हमालसुद्धा एकच बाई, शालन सिस्टर. ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा तिनं नवा यायची वाट बघितली नाही. स्वतः लायसन काढलं आणि खिंड चढू लागली.

जीपचं दुखणं सांगायला सोपं होतं. थंड असली की किल्ली फिरवायचा अवकाश, चालू. खिंड चढून तापली तरी चालत राहायची, हवं तेवढं. तापलेली असताना बंद मात्र करायची नाही. केली, की सेल्फ स्टार्टर नुसता गरगर फिरायचा आणि इंजिन काही धरायचं नाही. मग रस्त्याकडेला बसून ती निवायची वाट बघायची. निवली की शहाण्या मुलीसारखी चालू.

म्हणून सिस्टरनं जीप बंद करणंच सोडून दिलं होतं. वाडीत गेली की घरघरत्या जीपचा धूर थेट घरात. गरोदर बाईच्या पोटाला नळी लावावी, तर बाळाचे ठोके कुठले आणि इंजिनाचे कुठले, तेच कळायचं नाही.

आणि मग गेल्या आठवड्यात खिंडीतच म्हशी आडव्या आल्या. सिस्टरनं ब्रेक मारला, जीप गचका खाऊन बंद पडली. आत कळा देणारी पोरगी होती. बाळ रस्त्याकडेला, अंथरलेल्या पोत्यावर झालं. ते बराच वेळ रडलं नाही. सिस्टरनं तोंडानं श्वास भरला, तेव्हा कुठं रडलं.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजमध्ये आली ती बसली नाही. उभ्यानंच म्हणाली होती, "सर्जेराव, दुरुस्त होत नसेल तर तसं सांगा. मी जीप परत पाठवते. वाड्यांना सांगते, गाडी नाही, झोळी करून चालत आणा. ते बरं. निदान माझ्या भरवशावर कुणी थांबून राहणार नाही. पण झाली नसताना शंभर टक्के झाली असं म्हणू नका."

त्यावर सर्जेरावनं पंप बदलला होता आणि शंभर टक्के झाली असं म्हटलं होतं.

जीप परत तशीच अडली म्हणून आज ती पुन्हा आली होती. आता बाकड्याच्या टोकाला बसली होती, हातात चहाचा ग्लास, चहा तसाच.

उस्तादांनी विचारलं, "सिस्टर आली तवा तू काय केलंस?"

"नेहमीचंच. सावलीत लावली, बॉनेट उघडलं, चहा सांगितला."

"लगेच हात का न्हाई घातलास?"

सर्जेराव चिडला. "तुम्हीच शिकवलंय की. गरम गाडीला हात लावायचा न्हाई."

त्याच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग होता. शिकाऊ असताना तापलेल्या रेडिएटरचं झाकण घाईनं फिरवल्याचा. त्या दिवशी मलम लावायच्या आधी उस्तादांनी एक कानाखाली दिली होती आणि गॅरेजला नेम घालून दिला होता. गाडी आली की आधी चहा. चहा सावकाश प्यायचा, तोवर गाडी निवते. पुढं त्या रस्त्यावरच्या सगळ्या गॅरेजवाल्यांनी तो नेम उचलला. गिऱ्हाइकालाही बरं वाटायचं, आल्या आल्या कुणी विचारपूस करतंय म्हणून.

"चहा झाल्यावर काय केलंस?"

"चालू करून बघितली."

"झाली?"

"पहिल्या किल्लीला."

उस्तादांनी जीपच्या दिशेनं बोट केलं.

"मग हिला दुखतंय कुठं?"

"खिंडीत. तापल्यावर."

"आणि तू बघतोस कुठं?"

"हितं, सावलीत. निवल्यावर... पण उस्ताद, नेम तुमचा हाय."

"व्हय. माझाच हाय."

ते उठले. चाचपत जीपपर्यंत गेले. बॉनेटची दांडी काढली आणि बॉनेट धाडकन खाली सोडलं. मग दाराची मूठ शोधून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"चल."

"कुठं?"

"बंद पाडायला."

सर्जेरावला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण उस्ताद काच खाली करून बसलेसुद्धा. सिस्टर उठली, चहा तसाच ठेवला आणि मागं जाऊन बसली. दोष दाखवणाऱ्या मशीनची पेटी तिनंच उचलून आत घेतली. आता सर्जेरावला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

वाटेत तो म्हणाला, "मी काय खिंडीत नेली न्हाई असं न्हाई. दर खेपेला वरपतूर नेऊन आणलीया."

"वर गेल्यावर बंद केलीस?"

सर्जेरावनं गिअर बदलला. गरज नसताना बदलला.

"बंद केलीस का, म्हटलं."

"न्हाई."

"का?"

"...परत चालू झाली नसती तर?"

उस्ताद मोठ्यांदा हसले. सिस्टर हसली नाही. ती आरशातून सर्जेरावकडं बघत राहिली, आणि आरशात बघायचं त्यानं घाटभर टाळलं.

खिंडीच्या तोंडाशी एक सपाट जागा आहे. तिथं पोचल्यावर उस्ताद म्हणाले, "कर."

सर्जेरावनं किल्ली काढली. इंजिन थांबलं. एकदम शांत झालं आणि खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू आलं.

"आता थांब. बंद केल्यावर उष्णता वर येती. येऊ दे."

थांबले. मग सर्जेरावनं किल्ली फिरवली. जीप चालू झाली.

सर्जेरावचा चेहरा खुलला. काही केल्या त्याला तो आवरता येईना. "बघा. हिच्यात काय दोषच न्हाई."

"खाली उतर," उस्ताद म्हणाले. "आणि परत चढ. बारक्या गिअरात."

खाली उतरले, परत चढले. इंजिन गुरगुरत होतं, तापमानाचा काटा वर सरकत होता. सपाटीला आल्यावर पुन्हा किल्ली काढली, पुन्हा थांबले, पुन्हा फिरवली. पुन्हा चालू.

"उस्ताद, ही होणार न्हाई बंद. उगं डिझेल जाळायचं..."

"सर्जा, एक विचारू?"

"विचारा."

"किल्ली फिरवताना तुला काय पायजे असतंय?"

"म्हंजे? चालू व्हावी, आणि काय."

"अजून?"

सर्जेराव किल्लीशी चाळा करत राहिला.

"आपण बरोबर ठरावं, हेबी पायजे असतंय का न्हाई?"

मागून सिस्टरचा आवाज आला, थकलेला पण स्पष्ट. "सर्जेराव, मला मात्र ती आत्ता बंद पडायला हवीय. तुम्ही दोघं जवळ आहात आणि आत कुणी पोरगी नाही, तोवर. आज नाही पडली तर मी एकटी असताना पडेल."

सर्जेरावनं पहिल्यांदा आरशात बघितलं. काय दिसलं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. जीप वळवली आणि खाली नेली. या वेळी चढताना तो चढ्या आवाजात काही सांगत नव्हता. काच वर केली, इंजिनावर भार यावा म्हणून एसी लावला, इंजिनाला जितकं रगडता येईल तितकं रगडलं. वर येऊन किल्ली काढली. जरा थांबला. मग फिरवली.

सेल्फ गरगर फिरला. फिरत राहिला. इंजिन धरेना.

सर्जेरावनं किल्ली सोडली. एवढे महिने ज्या दुखण्याशी त्याचं भांडण होतं, ते त्यानं आज पहिल्यांदा बघितलं. मान खाली गेली. गाडी आपल्या हातून बंद पडली याची लाज वाटली, आणि त्याच वेळी जीव हलका झाला. दोन्ही एकदमच.

तो खाली उतरला, बॉनेट उघडलं. वाफाळ हवा तोंडावर आली तशी पावलं आपोआप मागं सरली. खिशातून तंबाखूची पुडी काढायला हात गेला, वाट बघायची झाली की जातो तसा.

"सर्जा," आतून उस्ताद म्हणाले. "तुझ्याकडं वेळ किती हाय?"

"ती निवेपतूर."

हे बोलला आणि पुडी हातातच राहिली. मग ती परत खिशात गेली आणि तो पळतच मशीनची पेटी आणायला वळला.

वायर जोडली. सिस्टरला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "फिरवा." सेल्फ फिरला. सर्जेरावनं पडद्यावर बघितलं, पुन्हा बघितलं.

"परत फिरवा."

"काय दिसतंय?" उस्तादांनी विचारलं.

"इंजिन फिरतंय आणि ह्यात दाखवतंय, फेरे शून्य."

"म्हंजे?"

"म्हंजे गाडीच्या काँप्युटरला कळतच न्हाई इंजिन फिरतंय ते. म्हणून डिझेल सोडत न्हाई. सांगणारा एक सेन्सर असतोय, बोटाएवढा, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याला. थंड असला की सांगतो. तापला की गप्प बसतो."

"माझ्या वेळी असलं काय नव्हतं," उस्ताद म्हणाले. "खात्री हाय?"

"शंभर..."

तो तिथंच थांबला. सिस्टर त्याच्याकडं बघत होती.

"बघतो," तो म्हणाला.

खांद्यावरचा टॉवेल सिस्टरच्या बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि पिळून अरुंद घडी केली. ज्या हातावर डाग होता तोच हात आत घालावा लागत होता, दुसरा पोचत नव्हता. मनगट एका नळीला लागलं. तो कळवळला, पण हात काढला नाही. टॉवेल त्या बोटाएवढ्या सेन्सरवर दाबून धरला. कपड्यातून वाफ निघाली. पुन्हा पाणी ओतलं. इंजिन सगळं तापलेलं होतं तसंच तापलेलं, गार होत होती ती फक्त तेवढीशी जागा.

"फिरवा, सिस्टर."

जीप चालू झाली.

सिस्टरनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. जरा वेळानं वर केलं तेव्हा डोळे पुसत होती आणि स्वतःवर चिडल्यासारखं करत होती.

"सापडलं, उस्ताद," सर्जेराव म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"परत."

या वेळी त्यानं का म्हणून विचारलं नाही. पुन्हा खाली, पुन्हा वर. पुन्हा बंद केली, पुन्हा धरेना. पुन्हा ओला टॉवेल, पुन्हा चालू. मग उस्ताद म्हणाले, "चला घरी."

सेन्सर तालुक्याला मिळाला. सर्जेरावनं तो दुसऱ्या दिवशी बसवला आणि बसवून झाल्यावर कुणी सांगायच्या आधी जीप खिंडीत नेली. चांगली तापवली. त्याच सपाटीवर बंद केली. उष्णता वर येऊ दिली. चालू झाली. खाली उतरून परत चढला, परत बंद केली. चालू झाली. ऊन कलेपर्यंत त्याचा हाच उद्योग चालला होता. रस्त्यानं जाणाऱ्या गुराख्यांना वाटलं, मिस्त्रीचं काहीतरी बिनसलं असावं.

तो परत आला तेव्हा सिस्टर गॅरेजच्या दारात उभी होती. कानाला फोन होता. "किती वेळ झाला कळा सुरू होऊन? पाणी गेलं का? बरं. तिला बसवू नका, कुशीवर झोपवा. मी निघते."

फोन ठेवला. सर्जेरावच्या हातातल्या किल्लीकडं बघितलं, पण प्रश्न विचारला उस्तादांना.

"चाचा, भरवसा ठेवू?"

"माझं डोळं गेल्यात, पोरी. त्याला विचार."

ती सर्जेरावकडं वळली. वाडी खिंडीच्या पार पलीकडं होती, आणि तिथून तालुक्याच्या दवाखान्यात आणायचं म्हणजे खिंड पुन्हा चढायची. सर्जेरावच्या जिभेवर नेहमीचे शब्द आले होते. ते त्यानं गिळले.

"सिस्टर, काल मी हिला बंद पडताना बघितलं. का पडती तेबी बघितलं. आज तिथंच, तेवढीच तापवून पुन्हा पुन्हा बंद केली. दर वेळी चालू झाली. मला माहीत हाय ते एवढंच."

तिनं हात पुढं केला.

"एवढं पुरे," ती म्हणाली आणि किल्ली घेतली. पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, जीपमध्ये बसली, इंजिन चालू केलं. मग काच खाली करून म्हणाली, "तरी तिथं गेल्यावर मी चालूच ठेवीन. कशाला उगाच..."

सर्जेरावनं मान हलवली. खरं तर त्यालाही तेच बरं वाटत होतं. चालू ठेवलेली बरी, निदान आजच्या दिवस. त्यानं तसं तोंडानं म्हटलं नाही एवढंच.

उस्ताद सीटवरून उठले. आवाजाच्या अंदाजानं जीपपाशी आले आणि गरम बॉनेटवर तळहात टेकवून उभे राहिले. सर्जेराव ओरडणार होता, पण ओरडला नाही. म्हाताऱ्यानं हात तसाच ठेवला होता.

"पोरी..."

"हां, चाचा."

"तिच्या दारात पोचलीस की किल्ली काढ. मग आत जा, बाळाचं ठोकं ऐक."